तुळस मांगरात नेली तेव्हा

त्या घराच्या भिंती माझ्या आज्यानं घातल्या. हे पहिलं सांगून ठेवते, कारण आता तिथं जी पाटी लावलीय ती दुसरंच सांगते. आज्यानं डोंगरातला तांबडा दगड स्वतः काढला, आजीनं माती तुडवली, वर माडाचे वासे घालून कौलं घातली. जागा भाटकाराची. आमच्याकडं जमीनदाराला भाटकार म्हणतात आणि त्याच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्याला मुंडकार. आम्ही मुंडकार. भाटकाराचं मोठं घर पुढं, दगडी पायऱ्यांचं, रंगीत काचांच्या जनेलांचं, म्हणजे खिडक्यांचं. आमचं त्याच्या मागं, फणसाखाली. गाव पेडण्याच्या आतल्या अंगाला, इब्रामपूरच्या वाटेवर. समुद्र आम्हाला ठाऊक होता तो मोरजीहून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या मासेवालीच्या वासापुरता.

घरात आम्ही चौघं. बाबा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडायचा. आई भाटकाराच्या शेतात. माझ्यावर एक दादा, आणि मी. सकाळी मला जाग यायची ती बाबाच्या कोयत्यानं. मागच्या दारी दगडावर कोयता घासायचा, खर्र खर्र, मध्येच पाणी शिंपडायचा. मागीर, म्हणजे मग, लांबून पोदेराच्या, पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा. दादा धावत जाऊन गरम उंडे आणायचा, पाव तो, वरून कडक, आतून मऊ, आणि बाबा त्यातला एक काळ्या चहात बुडवून उभ्यानं खाऊन कमरेला दोर गुंडाळून जायचा. दुपारी पेज. पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा नाहीतर आळसांद्याचं तोणाक, म्हणजे आमटी; आळसांदे ही आमच्याकडची चवळी, टपोरी आणि गोडसर. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. मागीर आईला खोकला लागला आणि घरच्या बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी, चूल आणि शेण माझ्याकडं आलं. त्याचं मला काही वाटलं नाही. सगळ्या चल्यांचं, मुलींचं, तसंच होतं.

पुढं पडवी आणि पडवीच्या पुढं अंगण. अंगणात मातीचं तुळशी वृंदावन. दर वर्षी तुळशीच्या लग्नाआधी आई ते शेणामातीनं सारवून त्यावर चुन्याच्या बोटांचे ठिपके काढायची. सांज झाली की ती अंग धुऊन, डोकीवर पदर घेऊन दिवा लावायची. तो दिवा लागल्याशिवाय आमच्याकडं कोणाला ताट मिळत नसे. बाबा उपाशी आला असला तरी पडवीत बसून राहायचा आणि म्हणायचा, "लाव गो बेगीन, पोटात कावळे नाचतत." आमच्या भागात घर कोणाचं ते तुळशीवरून कळतं. वाटसरू आला, दाराला कडी असली तरी तुळशीला पाणी घातलेलं दिसलं की समजतो, घरात माणसं आहेत, शेतात गेली असतील. आणि तुळस वाळलेली दिसली तर पुढं जातो, हाकसुद्धा मारत नाही.

आता बाबची गोष्ट. भाटकाराच्या धाकट्या मुलाला सगळा गाव बाब म्हणायचा. तो मुंबईत चित्रं काढायचा. परदेशात त्याची चित्रं लागतात, मोठमोठी माणसं ती विकत घेतात असं ऐकायचो. वर्षाला एकदा यायचा. उंच, पांढरा झब्बा, हाताला नेहमी कसला ना कसला रंग. वाईट बोलायचा नाही. आमच्या पडवीच्या पायरीवर येऊन बसायचा, आईच्या हातचा चहा फुटक्या कानाच्या कोपातून प्यायचा, आणि आई दिवा लावायला अंगणात गेली की बघत राहायचा. आई पदर आणखी पुढं ओढून घ्यायची. बाबाला त्याचा अभिमान. "एवढो मोठो माणूस, पण आमच्या पायरीर बसता," असं तो गावभर सांगायचा. मला आज राग येतो तो ह्याचाच जास्त. पायरी आमची होती. बसला तर काय उपकार केला?

त्या दिवसांत भाषेवरून पेटलं होतं. कोकणी की मराठी. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बसगाड्या बंद व्हायच्या. आमच्या गावात मजा अशी की झाड नीट पाडायला येतं ते बाबाला. सकाळी एका बाजूचे पोरगे येऊन कोयता मागायचे, सांजेला दुसऱ्या बाजूचे. बाबा दोघांनाही सांगायचा, "माड पाडिना हांव. नारळ पाडटां. नारळ जाय जाल्यार सांगात." घरात आम्ही जे बोलायचो ते कोकणी की मराठी हे कोणी आम्हाला विचारलं नाही. देवळात मराठी भजन म्हणायचो आणि बांयवर भांडायचो ते कोकणीतून. बाब पण त्या वर्षी मुंबई सोडून आला आणि सभांतून बोलायला लागला. मातीतल्या माणसाचा शब्द ऐका म्हणायचा, टाळ्या पडायच्या. तो कुठल्या बाजूनं बोलला ते मी सांगत नाही. दोन्ही बाजूंना भाटकार होते.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा तो पायरीवर बसला, चहा पिऊन झाला, आणि म्हणाला, "नारायणा, तुज्या पडवेंत उजवाड बरो पडटा. म्हाका थंय काम करूंक जाय. पावसापुरतें घर दिशी?"

पडवीत उजेड चांगला म्हणून पावसापुरतं आमचं घरच मागतोय, हे बाबाला आधी कळलंच नाही. "आनी आमी, बाब?"

"मांगर आसा न्हय कुळागरांत. थंय ऱ्हावात. पावस गेलो की परत."

मांगर म्हणजे सुपारीच्या बागेतली खोप. सुपाऱ्या, अवजारं, गवत ठेवायची जागा, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला. बाबा हो म्हणाला. आणखी काय म्हणणार, कोणी बाबला नाही म्हटलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. दादा आत भिंतीला टेकून उभा होता. त्याला तेव्हा ऐन विशी. तो म्हणाला, "बाबा, लोक घरां नावार करून घेतत, आनी तू घर सोडून वता?" कायदा होऊन काही वर्षं झाली होती, मुंडकाराचं राहतं घर त्याच्या नावावर करून द्यायचं. गावात एकेकानं अर्ज केले होते. बाबानं केला नव्हता. "बाबकडे कागद मागूं? तें कशें दिसता?" असं म्हणायचा.

आईनं एवढंच विचारलं, "आनी तुळस?"

"तुळस खंय पळून वता? ऱ्हांव दी थंयच," बाबा म्हणाला.

"दिवो कोण लावतलो? दिव्याबगर तुळस दवरतात काय कोण?"

ह्यावर दोघांचं वाजलं. बाबा म्हणत होता, पावसापुरतं जातोय, मी रोज सांजेला येऊन दिवा लावीन. आई म्हणत होती, तू सांजेला माडावर असतोस. आणि मी येते म्हटलं तर परक्याच्या अंगणात तिन्हीसांजेला चली पाठवायची नाही म्हणाली. परक्याच्या. घर अजून सोडलं नव्हतं आणि तोंडात तो शब्द आला. शेवटी बाबच बोलला, हसत हसत, "व्हर गो, तुजी तुळस तुज्याकडेच आसूं दी." दुसऱ्या दिवशी त्यानं आपले दोन गडी पाठवले. त्यांनी तुळस मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट काढली, आईनं ती जुन्या बाल्दीत लावली आणि स्वतः कमरेवर घेऊन मांगरात नेली. वाटेत कोणाशी बोलली नाही. देव नेताना बोलत नाहीत. अंगणात मातीचं रिकामं वृंदावन राहिलं, आणि पहिल्याच पावसात ते विरघळून गेलं.

मांगरात जमीन ओली. गवत घालून त्यावर चटया, तरी सकाळी पाठीला गार लागायचं. रात्रभर व्हाळाचा आवाज, आणि सुपारीच्या झावळ्या पडल्या की छपरावर धप्प. आईनं पहिलं काम केलं ते दारात चार दगड रचून त्यावर बाल्दी ठेवली. सांजेला दिवा लागला आणि मगच आम्ही जेवलो. त्या दिवशी जेवण म्हणजे भात आणि सोलांची कढी. बाबा म्हणाला, "पळय, घर जालें." तिचा खोकला त्या पावसात छातीत उतरला तो शेवटपर्यंत गेला नाही.

पाऊस गेला. बाब म्हणाला, एक चित्र राहिलंय. मागीर म्हणाला, थंडीतला उजेड वेगळा. तेव्हाच मला साखळीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत शिपाई, शांत. मला तो आवडला होता, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. त्याची आई मांगराच्या दारात उभी राहून आत न येता म्हणाली, "घर खंय तुमचें?" बाबानं बोट दाखवलं, तिकडं वर, फणसाखाली. तिनं बघितलं, तर आमच्या पडवीत बाब रंग कालवत बसलेला आणि बाजूला त्याचा मुंबईचा पाहुणा. "तें भाटकाराचें न्हय?" ती म्हणाली. चहा न पिता गेली. निरोप आला, मांगरातली चली आमकां नाका.

त्या सांजेला दादा बाबाला म्हणाला, तू अर्ज करत नसलास तर मी करतो. आणि केला. बाबा त्याच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. मागीर एका सकाळी त्या अर्जावरून मामलेदार कचेरीतला साहेब घर बघायला आला. बरोबर एक कारकून. बाब पुढं आला, आम्ही मांगरातून धावत गेलो. बाबाच्या कमरेला दोर तसाच.

साहेब पडवीत चढला. आत गेला. आमच्या चुलीच्या जागी रंगाचे डबे मांडलेले. चूल आईनंच पहारीनं दगड हलवून बाजूला केली होती, कारण बाबला जागा पुरत नव्हती. भिंतीवर धुराचं काळं मात्र तसंच होतं. साहेबानं ते बघितलं. परत बाहेर आला, अंगणात नजर टाकली आणि बाबाला म्हणाला, "तुळस खंय?"

बाबा जन्मात खोटं बोलला नाही. "मांगराकडे, सायबा."

"रोज दिवो खंय लायता?"

"मांगराकडेच."

"म्हणजे तुमी ऱ्हावता थंय."

बाबानं बाबकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. एक शब्द हवा होता. हे घर नारायणाचं, मी पावसापुरतं मागून घेतलंय, एवढंच. बाब फडक्यानं एकेक बोट पुसत होता. हिरवा रंग होता, मला अजून दिसतो. बोटं पुसून झाली, मागीर तो साहेबाला म्हणाला, "नारायण म्हजो मनीस. मांगर ताकाच दिला हांवें. ताका हांव केन्नाच काडचों ना." आणि हसला. साहेबही हसला, म्हणाला, असा भाटकार मिळायला भाग्य लागतं. मोठ्या घरात दोघं चहाला गेले. दादा मध्ये पडून बोलायला गेला तर बाबानंच त्याचा हात धरला. पुढं अर्ज फेटाळल्याचा कागद आला.

परत येताना आई तुळशीपाशी बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. "हिका थंय दवरली आसती जाल्यार," एवढं म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली. मी सांगते, तिनं त्यानंतर तुळशीला एकदाही दोष दिला नाही. दोष दिला स्वतःला. तो मला सहन होत नाही, आजही. देवाला उपाशी ठेवू नये ह्यात तिचं काय चुकलं? ती देवाशी नीट वागली आणि माणसानं तेच तिच्याविरुद्ध वापरलं.

गोवा घटक राज्य झालं त्या दिवशी मोठ्या घरासमोर फटाके लागले. बाबनं मांगरात पेढे पाठवले. दादानं पुडा व्हाळात फेकला. बाबा चुपचाप जाऊन पाण्यातून कागद काढून आला, म्हणाला, व्हाळ घाण करू नका. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, शिरगावला. खाणीच्या ट्रकावरचा माणूस, बायको वारलेली, माझ्यापेक्षा बराच मोठा. त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही, उपाशी ठेवलं नाही. भांड्यांवर, कपड्यांवर, भातावर सुद्धा खाणीची तांबडी धूळ. सासरी जाताना आईनं मला काय दिलं, तर तुळशीच्या मंजिऱ्या, पदरात बांधून. त्या मी शिरगावात पेरल्या. पानांवर धूळ बसायची, मी रोज धुवायची. लईराई देवीच्या जत्रेला घर पाहुण्यांनी भरायचं तेव्हाही ती तुळस मी दुसऱ्या कोणाला धुवू दिली नाही. आई मांगरातच गेली, तिच्यामागं बाबा. दादा कारवारकडं निघून गेला तो तिकडचाच झाला. बाबही गेला, पेपरात मोठा फोटो आला म्हणे.

हे सगळं मी गिळून बसले होते. गेल्या मार्गशीर्षात माझी लेक सुमन, जी हे लिहून घेते आहे, तिनं सांगितलं, आई, तुझ्या माहेरी त्या चित्रकाराच्या घराचं म्युझियम केलंय, जाऊया. मी म्हटलं, मी गावच्या देवीला जाणारच आहे, मंजिऱ्या वाहायला. त्याच तुळशीच्या, दरवर्षी पदरात बांधून नेते. आधी तिकडं जाऊ, तू बघ, मी बाहेर बसते.

बाहेर बसले नाही. तिकीट काढावं लागलं. दारात वॉचमन, बेळगावकडचा, चांगला पोरगा. "आज्जी, चपला हितं काढा. भिंतीला हात नका लावू." मोठं घर बघितलं, मोठ्या घराचं मला काही नाही. मागीर ती ताई, जी सगळ्यांना माहिती सांगत फिरवते, मागच्या दारानं आम्हाला फणसाखाली घेऊन गेली. फणस अजून आहे. घरही आहे, नवा रंग दिलेलं, बाहेर पाटी. ती वाचून सांगत होती, "ही त्यांची साधनेची जागा. मातीशी नातं राहावं म्हणून त्यांनी ही साधी झोपडी मुद्दाम बांधून घेतली."

मी म्हटलं, "ही माझ्या आज्यानं बांधली."

"हो का? किती छान," ती म्हणाली आणि पुढं गेली.

सुमन माझ्या कानात म्हणाली, "आई, हळू बोल मगो." मी हळूच बोलले होते. आत चुलीच्या जागी काचेच्या पेटीत त्याचे ब्रश. धुराचं काळं खरवडून भिंत पांढरी केलेली. जिथं माझी आई चाळीस दिवसांची बाळंतीण म्हणून झोपली, तिथं बाक, लोकांनी बसून चित्र बघायला. आणि समोर ते चित्र. सगळ्यात नावाजलेलं, ताई म्हणाली, परदेशात जाऊन आलेलं.

आमचं अंगण. पडवीच्या खांबातून दिसतं तसं. मध्ये वृंदावन, चुन्याच्या बोटांचे ठिपके सुद्धा. हिरवीगार तुळस, दिवा लागलेला, आणि पाठमोरी बाई, पदर पुढं ओढलेला. ठिपके आईचेच. ओळखायला मला चष्मा लागला नाही.

"हे त्यांनी इथं काम सुरू केलं त्या पहिल्याच पावसाळ्यात काढलं," ताई सांगत होती. "ह्याच पडवीत बसून. समोर दिसत होतं तसं."

त्या पावसाळ्यात समोर काही दिसत नव्हतं. वृंदावन विरघळून चिखल झालं होतं. तुळस मांगरात होती, बाल्दीत. आईही मांगरात, खोकत. म्हणजे त्याच्या डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. तुळस कुठं होती, दिवा कोण लावायचं, घर कोणाचं. ते रंगात उतरवायला त्याचा हात चालला, आणि साहेब अंगणात उभा राहून विचारत होता तेव्हा तोंड चाललं नाही. चित्र तर तोवर काढून झालेलं असणार. आत भिंतीला टेकवून ठेवलेलं असणार. साहेबाला नुसतं दाखवलं असतं तरी पुरे होतं.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले, मोठा माणूस, त्याच्या लक्षात आलं नसेल. बाबाही मरेपर्यंत तेच म्हणत राहिला, "बाबक खबर नाशिल्ली गो." त्या बाकावर बसून मला कळलं, खबर होती. राग माझ्या पायांतून वर आला. मी रडले नाही. लोकांना वाटलं म्हातारी चित्रात रमली. एकानं माझा फोटो काढला, चित्राबरोबर.

बाहेर अंगणात नवं वृंदावन केलंय, सिमेंटचं, त्यावर चकचकीत तांबडा रंग. आत क्रोटनचं झाड. वॉचमन तिथं सावलीत उभा होता. मी विचारलं, "दिवो कोण लायता रे हांगा?"

त्याला समजलं. "बल्ब हाय की, आज्जी. सहाला बटन दाबतो, गेट लावून जातो. फोटोसाठी केलंय त्ये, लोक हितंच उभारत्यात."

मी पदराची गाठ सोडली. देवीला वाहायच्या मंजिऱ्या तळहातावर घेतल्या, सुकलेल्या, चुरल्या की काळं बी पडतं, राईहून बारीक. सिमेंटच्या वृंदावनात नाही घातल्या. खाली, पायरीच्या कडेला, जिथं आमचं मातीचं होतं तिथं, आणि भिंतीच्या बुडाला सगळीकडं.

"आज्जी, कचरा नका टाकू. म्याडम मला बोलत्यात."

"कचरो न्हय रे. बी."

"कसलं बी?"

"घरचें," मी म्हटलं.

सुमनला आजीची गोष्ट ठाऊक आहे. ती म्हणाली, "पण आई, हांगा तिका दिवो कोण लायतलो?"

"कोणें लायनाका," मी म्हटलं. "ह्या खेपेक दिव्याबगर ऱ्हांव दी तिका. पण हांगाच ऱ्हांव दी."

हात झाडले, चपला घातल्या. देवीकडं रिकाम्या हातानं गेले आणि तिला सांगितलं, तुझ्या वाटच्या मी दुसरीकडं घातल्या. पाऊस पडला की ती रुजेल. त्यांनी उपटली तरी बी जमिनीत राहतंच, पुढच्या पावसात परत येतं. आता कोणी साहेब येऊ दे आणि विचारू दे, तुळस खंय.